वेगळे ताट नको

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. आमची धाकटी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती, सातवीत शिकत होती. कल्याण पूर्वेला चाळीतल्या दीड खोलीत आम्ही पाच माणसे राहतो. आमची आई, आम्ही नवरा-बायको आणि दोन मुले. एवढ्याशा घरात कोण किती पाणी पितो हे कुणाला सांगावे लागत नाही. पहाटे पाचला नळ येतो, माठ भरला जातो आणि तो एरवी संध्याकाळपर्यंत पुरतो. त्या महिन्यात माठ दुपारीच तळाला जाऊ लागला. मुलगी रात्री चार-चार वेळा उठून तांब्याने पाणी प्यायची आणि तितक्याच वेळा आईला उठवून चाळीच्या टोकाला संडासाकडे न्यायची. शाळेचा स्कर्ट कमरेवर राहीना म्हणून तिच्या आईने दोनदा हुक सरकवून लावला. आम्ही म्हटले, वाढीचे वय आहे, उंची सुटली की अंग उतरतेच.

वाचकहो, तहान, वारंवार लघवी आणि वजन उतरणे ही तीन चिन्हे आमच्या डोळ्यांसमोर जवळजवळ महिनाभर होती. आम्ही एका वाहतूक कंपनीत कारकून आहोत, बी. कॉम. शिकलो आहोत, वस्तीत आरोग्य शिबिरांचे फलक आमच्याच हाताने लावले आहेत. त्या शिबिरांत पन्नाशीच्या माणसांची साखर तपासतात. बारा वर्षांच्या मुलीला मधुमेह होतो हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

एका शनिवारी तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागले. जवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या आणि अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावले, तेही साखरेचे. रक्ताचा एक थेंब कुणी तपासला नाही. संध्याकाळी तिचा श्वास खोल आणि जोरात चालू लागला, जणू ती जिना चढून आली आहे. तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास येत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, “बाहेरचं काही असंल, कुणाला तरी दाखवा.” आमच्या घरात अंगारा-धुपारा चालत नाही. आम्ही रिक्षा बोलावली आणि रात्री दहाला तिला सरकारी रुग्णालयात नेले. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे तोंड हुंगले आणि पहिला प्रश्न विचारला, “पाणी फार पिते का?” बोटाला सुई टोचून यंत्रात पट्टी घातली, तर आकडाच उमटेना. नुसते ‘हाय’. म्हणजे यंत्राला मोजता येते त्याच्यापलीकडे साखर. “सकाळपर्यंत घरी ठेवली असती तर हाती लागली नसती,” असे त्यांनी नंतर सांगितले. तीन दिवस अतिदक्षता विभाग आणि नऊ दिवस वॉर्ड, असे बारा दिवस आम्ही तिथे काढले.

वॉर्डात मुलीच्या आईचे एकच चालले होते. “मीच तिला गोड घातलं. वाढदिवसाला, परीक्षेला, प्रत्येक वेळी पेढे.” त्या डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवून सांगितले ते आम्ही इथे देतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. मोठेपणी होणारा जो मधुमेह आपण पाहतो, त्यात शरीरात इन्शुलिन असते, पण पुरेसे पडत नाही किंवा नीट काम करीत नाही. मुलांच्या या मधुमेहाला पहिला प्रकार म्हणतात. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाऊन हा आजार होत नाही, कुणाच्या शिवण्याने होत नाही, आईच्या चुकीने तर होतच नाही. इन्शुलिन नसेल तर रक्तात साखर साचत जाते, पण पेशी उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून रक्तात आम्ल तयार होते. तो फळाचा वास त्याचाच. गोळ्यांनी ही भरपाई होत नाही. इन्शुलिन बाहेरून द्यायचे, रोज द्यायचे आणि आज ज्ञात असलेल्या वैद्यकशास्त्राप्रमाणे जन्मभर द्यायचे.

“जन्मभर” हा शब्द ऐकून आम्ही व्हरांड्यात जाऊन बसलो. तिथे एका वॉर्डबॉयने आम्हाला धीर दिला, तो असा की, “साहेब, पूर्वी याला औषधच नव्हतं. आता आहे ना?” गोष्ट खरी आहे. कॅनडातल्या टोरोंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली इन्शुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी अशी मुले थोड्या काळात मरत. शोधाचे पेटंट संशोधकांनी एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले होते. आज औषधाच्या दुकानात बिल हातात घेताना ही गोष्ट हटकून आठवते.

वॉर्डातल्या सिस्टरांनी टोचायला शिकवले ते मोसंबीवर. आमचा हात इतका थरथरला की मोसंबीचा रस बाहेर आला. मुलीची आई शिवणकाम करते, तिला सुईचे भय नाही. पहिली सुई तिनेच दिली. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, “द्या इकडे, तुम्ही दोघं फार वेळ लावता.” आणि तिने स्वतःच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. तेव्हापासून आजवर आम्ही नुसते उभे राहतो.

घरी सोडताना आमच्या हाती दोन बाटल्या आल्या. एक स्वच्छ पाण्यासारखी, जेवणाच्या अर्धा तास आधी दिवसातून तीनदा. दुसरी दुधाळ, रात्री झोपताना. दुधाळ बाटली हलवायची नाही, दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. रोज जागा बदलायची, कधी पोट, कधी मांडी. एकाच जागी टोचत राहिले तर तिथे गाठ धरते आणि इन्शुलिन अंगी लागत नाही. पण या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती नीट वाचावी. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा चाळीस युनिटच्या मिळतात, म्हणजे एका मिलीलिटरला चाळीस युनिट. त्यांची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. शंभर युनिटचे इन्शुलिनही मिळते, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. एकदा दुकानातल्या नव्या पोऱ्याने आम्हाला नारिंगी टोपणाच्या सिरिंज दिल्या. दिसायला सारख्याच. मुलीनेच टोपण पाहून विचारले, “पप्पा, ही आपली नाही ना?” त्या सिरिंजने मोजून दिले असते तर हवे त्याच्या निम्म्याहून कमी इन्शुलिन अंगात गेले असते. उलट प्रकारची चूक झाली, शंभराची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज, तर अडीच पट जाते, आणि मग जिवाशी गाठ आहे. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय सुई भरू नये. दुकानदार घाईत असतो, आपण असू नये.

रुग्णालयातून आल्यावर घराचे घड्याळ बदलले. पूर्वी आमच्याकडे जेवणाला वेळ नव्हती. आम्ही भिवंडीहून कधी आठला येतो, कधी दहाला. कुणी पाहुणा आला की त्याच्यासाठी थांबायचे, ही आमच्या आईची रीत. आता सुई दिली की अर्ध्या तासात ताट समोर हवे, मग पाहुणा दारात असो की लाईट गेलेली असो. आणि सुई आधी, की भाकरी झाली का ते आधी? याचा धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला. सुई टोचून झाली आणि गॅस संपला! शेजारून चपात्या मागून आणल्या. तेव्हापासून स्वयंपाक तयार असल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, असा नियम आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

पहिल्या पंधरवड्यात मुलीच्या आईने तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू केला. वेगळी भाजी, वेगळ्या चपात्या, मोजून घेतलेला भात. वाटी चुकू नये म्हणून तिचे ताट-वाटी वेगळे काढले, त्यावर लाल रंगाची खूण केली. हेतू चांगला होता. एके दिवशी आम्ही कामावरून लवकर आलो तर मुलगी ओट्याखाली भिंतीकडे तोंड करून एकटी जेवत होती. आमच्या आईने तिला पाहिले आणि ती एकदम म्हणाली, “हिला वेगळं ताट कुणी काढलं? आमच्या बापाला पाटलाच्या वाड्याबाहेर फुटका कप असायचा, वळचणीला खोचलेला. तसंच करता का हिला?” घरात कुणीच बोलले नाही. मुलीच्या आईने ते ताट त्याच रात्री घासून त्याची खूण काढली.

पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की आजीचे बरोबर आहे. या मुलांना वेगळे अन्न लागतच नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडे, मासळी, थोडा भात. हे सगळ्यांनीच खाल्ले तर सगळ्यांचेच भले. फक्त भात आणि भाकरी किती, हे दररोज साधारण सारखे असावे, कारण इन्शुलिनचा डोस त्याच्याशी बांधलेला असतो. आता आमच्याकडे भाताची एक वाटी आहे, ती सगळ्यांसाठी आहे. चहात साखर कुणालाच नाही. त्यामुळे आमच्या आईची साखर तपासून घेतली, तर तीही वाढलेली निघाली, पण ती कहाणी निराळी. लग्नकार्यात मुलगी जिलेबीचा तुकडा खाते. किती खाल्ला ते सांगते आणि भात तेवढा कमी घेते. नाही म्हटले तर मुले चोरून खातात आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही.

ताटाचा प्रश्न सुटला, पण लपवण्याचा सुटला नव्हता. आमच्या नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या होत्या. जाताना दारात हळू आवाजात म्हणाल्या, “मुलीची जात आहे. कुठं बोलू नका. उद्या स्थळ यायचं.” मुलगी आत होती, तिने ऐकले. तिने शाळेत कुणाला काही सांगितले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. खरे तर आम्हीही मनातून त्या बाईंशी सहमत होतो, हे कबूल करतो.

जानेवारी २०२४ मध्ये शाळेतून फोन आला. तिची शाळा दुपारची. साडेअकराला सुई, बाराला जेवण आणि मग शाळा. जेवणाआधीच्या त्या इन्शुलिनचा जोर दोन-चार तासांनी असतो. मधली सुट्टी साडेतीनला. त्या दिवशी घाईत ती अर्धीच भाकरी खाऊन गेली होती. अडीचच्या सुमारास गणिताच्या तासाला तिचे हात थरथरू लागले, घाम फुटला, फळ्यावरचे दिसेना. डब्यात हात घालायचा तर सर ओरडतील आणि कारण सांगायचे तर सगळ्यांना कळेल, म्हणून ती गप्प बसली. साखर फार उतरली की माणूस चिडचिडतो, काहीबाही बोलतो. सरांनी उभे केले तेव्हा तिने उलट उत्तर दिले. सरांनी तिला वर्गाबाहेर उभे केले आणि तिथे ती कोसळली. एका मैत्रिणीला तेवढे ठाऊक होते की हिच्या दप्तरात साखरेची पुडी असते. त्या पोरीने ती तिच्या तोंडात घातली. मुलगी अजून गिळू शकत होती म्हणून बरे झाले.

सरांवर आमचा राग नाही. त्यांना कुणी सांगितले होते?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सुट्टी टाकून डॉक्टरांचे पत्र घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, “हे दुसऱ्या मुलांना होत नाही ना?” नाही म्हणून सांगितले. बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने २०२३ साली सर्व राज्यांना पत्र लिहून कळवले आहे की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, डॉक्टरांनी सांगितले असेल तर इन्शुलिन घेऊ द्यावे आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे. तेही त्यांना दाखवले. बाई समजूतदार निघाल्या. आता वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी असते, आणि तिच्या वर्गातल्या चाळीस मुलांना ‘साखर उतरणे’ म्हणजे काय हे आमच्या शेजाऱ्यांपेक्षा चांगले कळते.

साखर उतरली की काय करायचे ते पालकांनी पाठ करून ठेवावे. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली किंवा यंत्र हाताशी नसेल आणि घाम, थरथर, अंधारी, एकदम भूक अशी चिन्हे दिसली, की तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढे ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच. वर आली की बिस्किट, भाकरी असे काही खायला द्यावे, नाहीतर पुन्हा उतरते. चॉकलेट-पेढ्याने उशीर लागतो, त्यात तूप-चरबी असते. आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. कुशीवर निजवून तडक रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात.

एप्रिल २०२४ च्या जयंतीला तिने लेझीम खेळायचा हट्ट धरला. आम्ही घाबरलो, कारण अंगमेहनतीने साखर भराभर उतरते. डॉक्टर म्हणाले, खेळू द्या, पण आधी खायला द्या आणि मध्ये तपासा. मिरवणुकीत दोनदा डीजेच्या गाडीमागे उभे राहून तिने बोट टोचून घेतले. दुसऱ्या वेळी अठ्ठ्याऐंशी आले, तेव्हा तिने एक केळे खाल्ले आणि पुन्हा ओळीत गेली. रात्री मात्र आम्ही दोनला गजर लावून तिची साखर पाहिली, कारण खेळण्याचा परिणाम रात्री उशिरापर्यंत राहतो. जयंतीच्याच सुमारास तिने भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहून विचारले होते, “बाबासाहेबांना पण मधुमेह होता ना?” होता. त्यांचा मोठेपणी जडलेला, प्रकार वेगळा. पण पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती, नजर मंद होत होती आणि ते इन्शुलिन घेत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी ज्यांच्याशी विवाह केला त्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, स्वतः डॉक्टर होत्या आणि घरी त्यांची प्रकृती सांभाळत. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्यांनी कुणापासून लपवलं होतं का?” आम्हाला त्यावर लगेच उत्तर सुचले नाही.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. तिच्या आजाराला दोन-अडीच महिने झाले आणि इन्शुलिन कमी लागू लागले. दिवसाला तीस युनिटवरून बारावर आले. नेमके त्याच वेळी आमच्या दाजींनी कुठल्याशा वैदूकडून पुड्या आणल्या होत्या. “बघा, सहा पुड्यांत उतरली. आणखी एक महिना घ्या आणि सुई सोडा.” आम्ही वस्तीत अंधश्रद्धेवर भाषणे केलेली आहेत. पण तीस वरून बारा हा आकडा डोळ्यांसमोर होता, आणि बाप म्हणून आम्हाला तो खरा वाटावासा वाटला. रात्रीची एक सुई आम्ही चुकवू दिली. सकाळी साखर दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी आम्हाला सर्वांसमोर झापले ते योग्यच केले. आजार सुरू झाल्यावर आणि इन्शुलिन मिळू लागल्यावर स्वादुपिंडात उरलेल्या थोड्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात. काही आठवडे, कुणाला काही महिने, कुणाला वर्षभरही. डॉक्टर मंडळी याला ‘हनिमून’ म्हणतात. नाव गमतीचे आहे, पण तो काळ धोक्याचा आहे, कारण घरच्यांना वाटते आजार बरा झाला. आमच्या मुलीचा हा काळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि संपला. आता पुन्हा पस्तीसच्या आसपास युनिट लागतात. दाजींच्या पुड्या आम्ही मोरीत टाकल्या. दाजी अजून रुसलेले आहेत.

मूल आजारी पडले, जेवत नाही, उलट्या होतात, म्हणून इन्शुलिन बंद करणे ही दुसरी घातक चूक. ताप-उलटीत साखर पुष्कळदा उलट वाढते. अशा वेळी डोस किती तो डॉक्टरांना विचारावा, पण अजिबात बंद करू नये. घरात लघवी तपासायच्या कीटोनच्या पट्ट्या ठेवाव्यात.

खर्चाचे म्हणाल तर आम्ही कॉमर्सवाले, पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. दहा मिलीच्या बाटलीत चारशे युनिट असतात, त्यामुळे साधे इन्शुलिन आम्हाला वाटले होते तितके महाग पडत नाही. घर खाते ती तपासायची पट्टी. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांची. दिवसाला चार म्हणजे महिन्याचे दोन हजार. आमची भिशी त्यातच गेली. सुरुवातीला पैसे वाचवायला दिवसाला एकच पट्टी वापरली, तीही रोज सकाळी. वहीत रोज सकाळची साखर छान दिसायची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी मात्र वाईट आली. मग डॉक्टरांनी सांगितले, पट्ट्या कमी असतील तर वेळ बदलत जा. आज न्याहारीआधी, उद्या दुपारच्या जेवणाआधी, परवा रात्री. त्या सल्ल्याने पुष्कळ भागले. दंडावर चिकटवायचे सेन्सरही आता निघाले आहेत, बोट टोचावे लागत नाही. पण पंधरवड्याला काही हजार रुपये ही आमच्यासारख्यांची उडी नव्हे. इन्शुलिन सरकारी रुग्णालयात केस पेपरवर मिळते. कधी साठा नसतो, म्हणून आम्ही एक बाटली कायम जास्तीची ठेवतो. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेल्या ‘ड्रीम ट्रस्ट’ने गरिबांच्या मुलांना इन्शुलिन पुरवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. विदर्भातल्या पालकांनी तिथे, आणि इतरांनी आपल्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात चौकशी करावी. विचारायला लाजू नये.

मे महिन्यात आम्ही जालन्याकडे गावी जातो. तिथे फ्रीज नाही, दिवसदिवस लाईट नसते. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची असते, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्शुलिन वाया जाते. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे सावलीत गार जागी चालते, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. गावी आमच्या आईने मोठ्या मडक्यात ओली वाळू घातली, त्यात लहान मडके आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. वर ओले फडके. वाऱ्याच्या जागी ठेवले की आत चांगला गारवा राहतो. उन्हाळ्यात एसटीच्या प्रवासात बाटली खिडकीशी किंवा टपावरच्या सामानात कधीही ठेवू नये.

वापरलेल्या सुयांचे एक सांगायचे राहिले. आम्ही पहिल्या महिन्यात त्या कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो. मग एका सकाळी आमच्या चाळीचा कचरा उचलणारा माणूस बोट चोखत उभा दिसला. विचारले तर म्हणाला, काहीतरी टोचले. सुई आमची होती की नाही देव जाणे असे म्हणायचीही आम्हाला सोय नाही. ती आमचीच होती. सफाईच्या कामात किती माणसे आपल्या समाजाची आहेत हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही त्याला दवाखान्यात नेले, तपासण्या केल्या, सुदैवाने काही निघाले नाही. आता घरात फिनेलचा जाड डबा आहे, झाकणाचा. सुया त्यात जातात आणि भरला की तो रुग्णालयात नेऊन देतो.

गेल्या वर्षी विहारातल्या महिला मंडळाच्या रविवारच्या बैठकीत मुलीच्या आईने उभे राहून सगळे सांगितले. मुलीला विचारूनच. स्थळाची गोष्ट सांगणाऱ्या बाईही समोर बसल्या होत्या. कुणी काही बोलले नाही, चहा झाला, बायका पांगल्या. आम्हाला वाटले, चुकलेच बहुधा. त्याच रात्री साडेनऊला दार वाजले. पलीकडच्या चाळीतली एक आई होती, बरोबर नऊ-दहा वर्षांचा मुलगा. तीन वर्षे तो इन्शुलिनवर आहे आणि सख्ख्या दिराला ठाऊक नाही. सुया ती पिठाच्या डब्यात लपवते. तो मुलगा शाळेत कधी खेळत नाही, कारण खेळले की घाम येतो आणि कुणीतरी विचारते.

आमच्या मुलीने त्याला ओट्याजवळ बोलावले. तिची रात्रीच्या सुईची वेळ झालीच होती. दुधाळ बाटली तिने तळहातांत फिरवली, लाल टोपण काढले आणि त्याला विचारले, “तू पोटात घेतोस की मांडीत?” त्याने आधी आईकडे पाहिले. मग शर्ट वर करून दाखवले. रोज एकाच जागी टोचून तिथे लिंबाएवढी गाठ झाली होती. “इथं नाही घ्यायचं आता,” ती म्हणाली, “ही जागा थोडे महिने सोडून दे. उद्या मम्मीबरोबर डॉक्टरांना दाखव, नव्या जागी डोस कमी लागतो.” दोन्ही आया तोवर पट्ट्या कुठल्या दुकानात स्वस्त मिळतात ते बोलत होत्या.